उजव्या गालावरचा मध

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

हे पत्र मराठीत पाहून तुम्हाला नवल वाटेल. एरवी मी तुम्हाला इंग्रजीतच लिहिते, आणि माझं इंग्रजी तुमच्या बाबापेक्षा चांगलं आहे हे तोही मान्य करतो. पण इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही ते आपापल्या फोनवर वाचून मोकळे झाला असता, आणि बाबाच्या कानावर त्यातलं हवं तेवढंच घातलं असतं. तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणजे आता त्याला तुमच्यासमोर बसून हे मोठ्यानं वाचावं लागणार. मला तेच हवं आहे. अरे, सगळं वाच. मधलं काही गाळू नकोस. मी पानांवर आकडे घातले आहेत.

आत्ताच का लिहिते आहे, ते आधी सांगते. तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या बाबाचा जर्मनीहून फोन आला.

"आई, तू समजाव तिला. तुझं ऐकते ती."

"काय समजावू?"

"विद्यापीठात जागा मिळालीय, कॉम्प्युटर सायन्सला. आणि ही म्हणते, मला दात करायला शिकायचंय."

"दातांची डॉक्टर?"

"डॉक्टर नाही गं! दात करणारी. कवळ्या. साडेतीन वर्षं एका लॅबमध्ये शिकाऊ म्हणून बसायचं आणि घासत राहायचं. इथं तिच्या वर्गातली कितीतरी मुलं असलंच काही काही करतात. कुणी सुतारकाम, कुणी चष्म्याच्या दुकानात. त्यांच्या आईबापांना त्याचं काही वाटत नाही. पण आपण काय इथले आहोत? पुण्याला आत्याला काय सांगू? मुलगी कवळ्या करते म्हणून?"

माझी कवळी तेव्हा वाटीत पाण्यात होती, त्यामुळे मला फार बोलता येत नव्हतं. मी नुसतं "हं" म्हटलं. त्यानं तो होकार धरला. "तू एम.ए. आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे," तो म्हणाला. "पुढच्या महिन्याच्या अखेरीस तिला कळवायचंय, विद्यापीठ की लॅब. त्याआधी बोल."

दुसऱ्या दिवशी, नातीबाई, तुझा व्हिडिओ कॉल आला. तुला वाटलं असेल आजी ओरडणार. तू घाईघाईनं एक दात कॅमेऱ्यासमोर धरलास. शाळेतर्फे आठवडाभर त्या लॅबमध्ये गेली होतीस तेव्हा केलेला. "आजी, बघ ना, याच्या कडेला अगदी थोडा निळसर रंग द्यावा लागतो. नाहीतर तो खोटा दिसतो." दात धरलेला तुझा हात जराही हलत नव्हता.

मी म्हटलं, "छान आहे, उद्या बोलू," आणि फोन ठेवला. तुला वाटलं मी रागावले. बाबाला वाटलं मी विचार करते आहे. खरं असं की मला तुझा हेवा वाटला. काळजी वगैरे नाही, निखळ हेवा. अठरा वर्षांची मुलगी सरळ सांगते की मला हे करायचंय, आणि तिच्या आसपासचा देश म्हणतो, बरं, कर. वयाची पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला असं काही वाटू नये. पण मला वाटलं, आणि ते ओळखीचं होतं. तशाच हेव्यापायी मी एकदा एक वाईट गोष्ट केली आहे. ती कुणाला सांगितली नव्हती. आता क्रमानं सांगते.

मी मूळची इथलीच, बेंगळुरूची. आमचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले, आणि फौज परत गेली तरी इथंच राहिले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, धाकटी बहीण मला अक्का म्हणायची आणि अजून म्हणते. "स्वल्प थांब", "सरी, चल" हे आमचं मराठी; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. लग्न झाल्यावर तुमच्या पुण्याच्या पणजीनं ते ऐकलं आणि तीन दिवस मला पाहुण्यांसमोर बोलू दिलं नाही.

अण्णा सरकारी घड्याळ कारखान्यात होते. घड्याळाचे भाग ज्या हत्यारांनी बनत, ती हत्यारं बनवणाऱ्या विभागात. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना बोटांना कळायचा. त्या काळी आमच्या गावात सरकारी कारखान्यात नोकरी म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? देश नवा होता, आणि आपलं घड्याळ आपण बनवतो याचा लोकांना अभिमान होता. कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबली की दुकानदार उठून उभे राहत नसत एवढंच. लग्नाच्या बाजारात डॉक्टरच्या खालोखाल कारखान्याचा मुलगा.

अण्णांना मुलगा नव्हता. आम्ही दोघीच. मी एकवीस वर्षांची, नुकतीच बी.ए. झालेली, आणि मला इंग्रजीत एम.ए. करायचं होतं. धाकटी अठराची. गणित तिला नुसतं वाचून सुटायचं. पी.यू.सी.ला, म्हणजे आताच्या बारावीला, तिला इतके गुण मिळाले की शेजारचे कन्नड मास्तर पेढे घेऊन आमच्याच घरी आले. "ही संशोधक होणार," ते म्हणाले. "आणि थोरली?" त्यांच्या बायकोनं विचारलं. "थोरलीचं अक्षर सुंदर आहे," मास्तर म्हणाले.

हे वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. त्यात काही वाईट नव्हतं. अक्षर सुंदर होतंच.

संध्याकाळी अण्णा धाकटीच्या वहीवर वाकून बसत. एक गणित दोघं मिळून तासभर सोडवत आणि उत्तर आलं की एकमेकांना टाळी देत. माझा निबंध मी समोर ठेवला की ते चष्मा पुसत, पान उलटत आणि म्हणत, "छान आहे." त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं. हे मला कळत होतं. तरी आत काहीतरी सलायचं. ती पाट्यावर चटणी वाटत असली तरी मला वाटायचं, हिला तेसुद्धा जास्त चांगलं येतं.

त्या वर्षी अण्णा निवृत्त होणार होते. कारखान्यात घड्याळं जुळवण्याच्या कामाला मुली घेत होते, कारण बारीक काम मुलींच्या बोटांना जमतं अशी समजूत होती. साहेबांनी अण्णांना सांगितलं, तुमच्या घरातून एका मुलीचं नाव द्या. एकीनं कामावर जायचं, एकीनं पुढे शिकायचं. दोघींना शिकवणं निवृत्त माणसाला झेपणार नव्हतं.

सरळ हिशेब असा की मी पदवीधर झालेच होते, मी जायला हवं होतं. आई तसं म्हणालीही. पण अण्णांना एकीला निवडणं जमेना. हजारदा माप घेणारा माणूस, पण असं काही आलं की ते म्हणत, "देवीला विचारू."

आमच्या घरात कौल लावायची रीत होती. कुलदेवीचा पितळी मुखवटा देव्हाऱ्यात होता. त्याच्या दोन्ही गालांना पाणी लावून शेवंतीची एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. जी पाकळी आधी पडेल तो देवीचा कौल. घर कुठं घ्यायचं, आमच्या आजीचं ऑपरेशन करायचं की नाही, हे सगळं असंच ठरलं होतं. अण्णा सांगायचे, "देवीनं ठरवलं म्हणजे कुणी कुणाचा राग धरायचा नाही." कौल हा त्यासाठीच होता. देवीला भविष्य कळतं की नाही, कोण जाणे. पण घरातल्या माणसाला दोष देता येत नाही, ही त्यातली सोय.

पूजेची तयारी माझ्याकडे असे, कारण मी नीटनेटकी. त्या सकाळी मी मुखवटा चिंचेनं घासला, पंचामृताची पाच भांडी ओळीत मांडली. फुलं निवडताना माझा हात मधाच्या भांड्याकडे गेला. मी ठरवून गेले नव्हते असं म्हणायला मला आवडेल. पण मी ठरवलं होतं. अंथरुणातून उठतानाच ठरवलं होतं. उजवीकडची पाकळी माझी, डावीकडची तिची, हे अण्णांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. उजव्या गालावर मी करंगळीनं मध लावला आणि माझी पाकळी त्यावर दाबून बसवली. डावा गाल पदरानं कोरडा केला, आणि धाकटीची पाकळी नुसत्या ओल्या बोटानं टेकवली.

अण्णा आले, हात जोडले. "आई, घरातल्या एका मुलीला जागा आहे. उजवीकडची थोरली, डावीकडची धाकटी. जिची पाकळी आधी..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावीकडची पाकळी पडली.

आईनं तोंडाला पदर लावला. अण्णा काही क्षण मुखवट्याकडे बघत राहिले. माप चुकलं की बघायचे तसे. मग म्हणाले, "सरी." धाकटीनं पाकळी उचलून प्रसाद म्हणून वेणीत खोवली आणि शाळेच्या जुन्या दप्तरातून गणिताच्या वह्या काढून माळ्यावर ठेवायला गेली. माझी पाकळी दुपारपर्यंत जागची हलली नाही.

माझा आनंद किती दिवस टिकला ते सांगते. साधारण चार महिने.

धाकटी कारखान्यात जायला लागली. पांढरा कोट, केस झाकणारी टोपी, बोटांना रबरी टोप्या. उजव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागल्या म्हणून आई आठवडाभर तिच्याशी धड बोलली नाही. पहिल्या पगारातून तिनं आईला साडी आणली, अण्णांना छत्री, आणि मला फाउंटन पेन. "एम.ए.च्या परीक्षेला, अक्का," म्हणाली. त्याच पेनानं मी सगळे पेपर लिहिले. एकदाही शाई गळली नाही.

मग एक दिवस कारखान्यात घरच्या माणसांना आत नेऊन काम दाखवायचं होतं. धूळ जाऊ नये म्हणून आम्हाला काचेबाहेर उभं केलं. आत लांबच लांब रांगेत मुली बसल्या होत्या. धाकटीनं एका डोळ्याला भिंग लावलं होतं, हातात चिमटा, आणि चिमट्याच्या टोकात केसाहून बारीक स्प्रिंग. तिनं ती चाकावर बसवली, भिंग काढलं, आणि घड्याळ कानाला लावलं. मग ती हसली. कुणाकडे बघून नाही, स्वतःशीच.

मी तिला दिसले नाही. मी काचेला नाक लावून उभी होते, आणि मला कळलं की मी जे तिच्या गळ्यात टाकलं तेच मला हवं होतं. इंग्रजी साहित्य मला आवडायचं, खोटं नाही. पण वाचून झाल्यावर स्वतःशी असं हसावं असं मला कधी झालं नव्हतं. शिवाय तिच्या त्या हसण्यावर माझा काहीही हक्क नव्हता. ते तिनं मिळवलं होतं, माझ्या मधातून.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी एम.ए. झाले. तुमचे आजोबा पुण्याहून बँकेत बदलून आले होते, त्यांच्याशी लग्न झालं. मुलींच्या एका कॉलेजात मला शिकवायला बोलावत होते. आजोबा म्हणाले, "तुला हवं तर कर. पण लोक म्हणतील, बायकोला नोकरीला लावायची वेळ आली." ते दुष्ट नव्हते. त्या काळच्या पांढरपेशा घरात चांगला माणूस असंच बोलायचा. बी.ए., एम.ए. मुलीनं व्हायचं ते स्थळ चांगलं मिळावं म्हणून. कारखान्यात जाणाऱ्या मुलीबद्दल लोक चुकचुकायचे, आणि ती कमावती आहे म्हणून तिच्याच घरी मदत मागायला जायचे. धाकटीनं कारखान्यातल्याच एकाशी लग्न केलं. ते आता नाहीत. चाळिशीत ती स्कूटर चालवायला शिकली. ती मागे बसायला बोलवायची. मी म्हणायचे, मला वारा बाधतो.

माझं एम.ए.चं प्रमाणपत्र कपाटात फाइलमध्ये आहे. फाइलवर लेबल आहे. अक्षर सुंदर आहे.

आता यापुढच्या वाक्याला, बाळा, तू अडखळशील, पण वाच. तुझी बारावी झाली तेव्हा तुला काय व्हायचंय हे मी तुला विचारलं नाही. तोवर इथं कारखान्यांचे दिवस ओसरले होते आणि कॉम्प्युटरचे आले होते. मी इंजिनिअरिंगचा अर्ज आणला, सुंदर अक्षरात भरला, आणि तू सही केलीस. तेव्हा कौल लावायचीसुद्धा गरज पडली नाही. सगळं गावच कौल देत होतं.

इथं व्हाइटफील्डला आमच्या इमारतीत नागपूरची एक मुलगी राहते. गळ्यात ऑफिसचं कार्ड, सकाळी कॅबची वाट बघत उभी. तुमच्या बाबाचा फोन आला त्या आठवड्यात मी तिला लिफ्टमध्ये विचारलं, "तू इंजिनिअर का झालीस गं?"

"म्हणजे काय आजी? दुसरं काय होणार होते?"

"म्हणजे आवड होती?"

"आवड?" ती हसली. "आजी, तुम्ही ना फारच क्यूट आहात." आणि दार उघडल्यावर म्हणाली, "मला केक करायला आवडतात. वीकेंडला."

तिच्या गळ्यातल्या कार्डाचाही मला हेवा वाटतो, हे तिला मी सांगितलं नाही.

असो. बाबानं सोपवलेलं काम मी नीट करायचं ठरवलं. हाताचं काम किती कष्टाचं असतं हे धाकटीकडून ऐकायचं, आणि ते पुराव्यासारखं, नातीबाई, तुला लिहून पाठवायचं, असा माझा बेत होता. मेट्रोनं मॅजेस्टिकला उतरून गाडी बदलली आणि बनशंकरीला गेले. तुम्ही तिला बनशंकरीची आजी म्हणता. ती वरच्या मजल्यावर एकटी राहते, खाली भाडेकरू आहेत.

मी बसायच्या आधीच तिनं माझी हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. "काय गे अक्का, बोकड झालीस की! बस स्वल्प." आणि चिमटा आणला.

हा चिमटा कारखान्यातला. टोकं झिजली म्हणून टाकून दिलेला, तो तिनं मागून घरी आणला आणि सहाणेवर घासून टोकं पुन्हा जुळवली. कारखाना बंद होऊन वर्षं झाली. त्या चिमट्यानं ती आता माझ्या हनुवटीवरचे केस काढते. दर महिन्याला. माझे हात कापतात, तिचे नाही.

केस काढता काढता मी तिला सगळं सांगितलं, नातीबद्दल, दातांबद्दल. म्हटलं, "तू सांग तिला, आयुष्यभर असं बसून काय होतं ते."

"मान वाकते," ती म्हणाली. "डोळे जातात. खुर्ची चांगली घे म्हणावं, बाकी सगळं जमतं."

"अगं, शिक्षण सोडू नको असं सांग. तुझंच उदाहरण आहे. तुला संशोधक व्हायचं होतं."

चिमटा थांबला. "हलू नकोस," ती म्हणाली, आणि एक केस ओढला. मग शांतपणे म्हणाली, "अक्का, दुसऱ्या दिवशी मुखवट्याच्या उजव्या गालाला मुंग्या लागल्या होत्या."

माझी हनुवटी तिच्या हातात होती.

"ओळीनं चालल्या होत्या. गालावरून नाकावर. मी ओल्या फडक्यानं पुसलं. बोट चाटून बघितलं, मध."

"तू... तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? अण्णा पुन्हा कौल लावणार होते? त्यांनी देव्हाराच बंद केला असता. त्यांचा एकच विश्वास होता." तिनं चिमटा पदराला पुसला. "एक वर्ष बसमध्ये रोज तुझा राग करायची. घरापासून कारखान्यापर्यंत पुरायचा. मग हात बसला. काम आवडायला लागलं. पण अक्का, काम आवडलं म्हणून तू केलंस ते बरोबर झालं, असं नाही हां. बी.एस्सी. राहिलं ते राहिलंच. गणिताच्या वह्या आईनं रद्दीत घातल्या, तेव्हा मी मोरीत जाऊन रडले."

"अजून राग आहे?"

तिनं खरंच विचार केला. भिंगातून बघावं तसं. "स्वल्प आहे," ती म्हणाली. "वळ इकडे. डावी बाजू राहिलीय."

मी वळले. मला क्षमा मागायची होती, पण ती म्हणाली, "बोलू नकोस, तोंड हलतं." त्या वेळीही, मुलांनो, मला तिचा हेवाच वाटला. इतकी वर्षं मनात ठेवून ज्याचा हात कापत नाही, अशा माणसाचा.

निघताना मी तिला म्हटलं, "हा चिमटा नातीला पाठवू या का? तिला उपयोग होईल."

"मी मेल्यावर," ती म्हणाली. "तोवर तुझी दाढी कोण करणार?"

परतीच्या मेट्रोत मी माझं पुराव्याचं पत्र मनातल्या मनात फाडून टाकलं. म्हणून हे दुसरं लिहिते आहे.

बाळा, तू मला नातीला समजावायला सांगितलंस. तू माझ्या हातात मधाचं भांडं दिलंस, एवढंच. माझ्या शब्दाला वजन आहे म्हणालास, आणि ते वजन एका पाकळीवर ठेवायला सांगत होतास. मी ते करणार नाही. ती विद्यापीठात गेली तरी मी आनंदानं ऐकेन, लॅबमध्ये गेली तरी ऐकेन. पण कुठल्याही गालाला कुणी मध लावायचा नाही. मी नाही, तू नाही. आत्याला काय सांगायचं हा तुझा प्रश्न असेल, तर माझं नाव सांग. म्हणावं, आईची कवळी सैल झालीय, घरातच कुणीतरी हवं होतं.

नातीबाई, तुला मी एवढंच म्हणेन. देश बदलला की कौल देणारी देवी बदलते. इथं ती एक बोलते, तिथं दुसरं. तुझ्या शेजारची मुलं सुतारकाम शिकतात म्हणून तू दात करणार असशील, तर तेही आमच्यासारखंच झालं. पण तो दात दाखवताना तू ज्या निळ्या रंगाबद्दल बोललीस ना, तो तुला कुणी सांगितला नव्हता, तू बघितला होतास. त्याचाच मला हेवा वाटला. काचेबाहेर उभं राहून वाटला होता, अगदी तसाच. तुझी मान सांभाळ.

आणि धाकट्या नातवा, तुझी पाळी चार वर्षांनी येईल. तेव्हा मी असले तर फोन कर. नसले तर बनशंकरीच्या आजीला कर. ती खरं सांगते, उशिरा का होईना.

अण्णांचं घर विकलं गेलं, तिथं आता चार मजली इमारत आहे. घड्याळ कारखाना बंद झाला. पितळी मुखवटा माझ्या देव्हाऱ्यात आहे, पण त्याला मी पुन्हा कधी काही विचारलं नाही. धाकटीचा चिमटा मात्र बनशंकरीला तिच्या खिडकीत, जुन्या चष्म्याच्या डबीत आहे. टोकं अजून जुळतात.

— आजी